पन्ह्याचा दुसरा पेला

काल कूलर बाहेर काढला. जाळ्यांतली काळी पडलेली जुनी खस, म्हणजे वाळा, उपटून नवी भरली, टाकीत पाणी ओतलं, बटण दाबलं आणि पहिल्याच झोतासरशी खोलीभर तो ओला, मातकट वास पसरला. ग्वाल्हेरचा उन्हाळा माझ्यापुरता या वासानेच सुरू होतो. हा वास आला की लोकांना आजोळ आठवतं, आमरस आठवतो. मला आठवतो एक संगणक. बाजूचं झाकण काढून ठेवलेला, पोटातल्या तारा दाखवत बसलेला मळकट डबा, त्याच्यावर रोखलेला टेबलफॅन आणि समोर बाह्या दुमडून बसलेला माझा दादा.

खासगी बाजार नावाच्या पेठेत भांड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं मराठी वाचनालय होतं. जिना अरुंद, वर मोठा हॉल, चार खिडक्या आणि खालून दिवसभर पितळेवर पितळ आपटल्याचा आवाज. शहराच्या लष्कर भागातली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच पुस्तकं न्यायची. मी शाळेत शिकवत असे आणि सुट्टीच्या दिवसांत दुपारची तिथे देवघेवीच्या टेबलावर बसत असे, हौस म्हणून. दादा टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्त झाला आणि घरी बसून वहिनीला भाजी कशी चिरावी हे शिकवू लागला, तेव्हा वहिनीनेच मला हात जोडून सांगितलं, "ताई, ह्यांना तुमच्या लायब्ररीत घेऊन जा ना. पुण्य लागेल."

दादाने वाचनालयात पाय ठेवला आणि त्याचं पहिलं लक्ष गेलं ते कोपऱ्यात पडलेल्या तीन संगणकांकडे. बंद पडलेल्या एका शिकवणीवर्गाने ते आम्हाला दान दिले होते. दान म्हणजे त्यांना भंगारवाल्याला द्यायला लाज वाटली म्हणून आम्हाला दिले. नेहमीची विकतची प्रणाली त्यांच्यावर चालायची ती रांगत. बटण दाबून चहा करायला जावं, चहा पिऊन परत यावं, तरी पडद्यावर ते घड्याळ फिरतच असायचं. दादाने कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली एक सीडी आणली. म्हणाला, "ह्यात लिनक्स नावाची प्रणाली आहे. फुकट. आणि फुकटपेक्षा मोठी गोष्ट ही, की उघडून बघता येतं. पसंत नाही आलं तर बदला, आणि बदललेलं दुसऱ्याला द्या. कोणी ना म्हणत नाही."

"असं कोण देतं?" मी विचारलं.

"देतात. वेडे लोक आहेत जगभर," दादा म्हणाला आणि त्या क्षणापासून तो स्वतःही त्या वेड्यांत जाऊन बसला.

पहिला उन्हाळा नुसता वैतागात गेला. प्रिंटर ओळखच देईना. उंदीर, म्हणजे तो माउस, पोटातल्या गोळीला धूळ चिकटून अडायचा, मग त्याला उलटा करून नखाने खरवडायचं. वीज जायची. ती गेली की खालचा बॅटरीचा डबा कोकलायचा आणि दादा ओरडायचा, "सेव्ह कर, जल्दी सेव्ह कर!" दुपारी लूचे तापलेले वारे सुटले की संगणक आपणहून बंद पडत. मी म्हणायची, "गेला हा." दादा म्हणायचा, "गेला नाही गं, गरम होऊन राहिला आहे. थोडा दम खाऊ दे त्याला." कूलर संगणकाकडे वळवला की पुस्तकं ओली होत, पुस्तकांपासून फिरवला की संगणक रुसत. एकदा दादाने मोठ्या उत्साहात सगळं अद्ययावत केलं आणि पडद्यावरच्या साऱ्या मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले. आठवडाभर आम्ही चौकोनांच्या ओळी बघत बसलो आणि वाचक आपले आपणच कपाटांतून पुस्तकं शोधत राहिले. दादाला मात्र मनातून आनंद झाला होता. भांडायला विषय मिळाला होता.

कारण दादाची खरी मजा भांडणात होती. हे फुकटचं जग भांडणावर चालतं, हे त्याला फार लवकर कळलं. तो टेलिफोन खात्यातल्या खणखणीत इंग्रजीत कुठल्याशा थंड देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला लिहायचा, की महाशय, तुमचं अमुक चुकलं आहे. तिकडून उत्तर यायचं, की चूक तुमची आहे. मग दादा पुरावे द्यायचा. आठ-दहा पत्रं इकडून तिकडे जायची, मध्येच आणखी कोणी उडी घ्यायचं, आणि शेवटी तो माणूस लिहायचा, बरोबर आहे तुमचं, दुरुस्त केलं. चौकोन गेले, अक्षरं परतली. दादा जिना उतरून खालच्या दुकानात जाऊन सर्वांना चहा पाजून आला. भांडीवाल्याला काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण चहा प्यायला त्याने.

मी तेव्हा म्हटलंही होतं, "काय रे दादा, परक्या माणसाच्या तोंडावर असं बोलतोस?"

"तिथे बोलले नाही तर काहीच सुधरत नाही," दादा म्हणाला. "जो चुप्प बसला, त्याचं कोणी विचारत पण नाही."

हे वाक्य मला पुढे किती वेळा आठवलं.

वाचनालयात एक जुनी खोड होती. पुस्तक परत करताना वाचक शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काहीबाही लिहीत. नियमाने बंदी होती, पण नियम करणारेसुद्धा लिहीत. दादाने पुस्तकांची सूची संगणकावर चढवायला घेतली, तेव्हा त्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये त्याने स्वतः एक रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं, ‘म्हणणं’. पुस्तक परत आलं की टेबलावरच्या माणसाने विचारायचं, "काय म्हणणं?" आणि वाचक जे बोलेल ते जसंच्या तसं टाइप करायचं. दादाचा हुकूमच होता, शुद्ध करायचं नाही, सभ्य करायचं नाही.

मग काय, लोकांना चटकच लागली. ‘आवडलं नाही, तरी दोनदा वाचलं.’ ‘सुनेच्या हाती लागू देऊ नये.’ ‘पान फाटलेलं आहे, मी नाही फाडलं.’ ‘लेखकाला ग्वाल्हेरची गर्मी माहीत नाही, इथे कोणी मेमध्ये दुपारी फिरायला जात नाही.’ जयेंद्रगंजातल्या एक काकू प्रत्येक पुस्तकाला एकच म्हणणं देत, ‘ठीक आहे’, आणि एकदाच कधीतरी त्यांनी म्हटलं, ‘हे वाचून मी माझ्या बहिणीला फोन केला.’ पुस्तक न्यायला आलेली माणसं आधी आदल्यांची म्हणणी वाचत आणि हसत उभी राहत. कोण कोणाशी सहमत, कोण नाही, यावरून हॉलमध्ये वाद रंगत. आमच्या लोकांना समोरासमोर वाद घालायला जड जातं, पडद्यावर सोपं गेलं असावं.

आई मरण्याआधीच्या वर्षी रोज संध्याकाळी जिना चढून यायची. ती फारसं लिहिणारी नव्हती, तिच्या हातचं एक पत्रही आमच्याजवळ नाही. पण तिची म्हणणी होती. ‘रडू आलं, पण तेव्हा कांदा पण चिरत होते.’ ‘ह्या बाईला एकदा भेटायला हवं होतं.’ आणि एका जाड कादंबरीवर तिचं शेवटचं, मी स्वतः टाइप केलेलं, ‘अर्धी झाली. डोळे दुखतात. कोणाला देऊ नका, येते मी.’ ती आली नाही. ती कादंबरी दादाने कधी कोणाला दिली नाही. कोणी मागितली की तो पडदा फिरवून ते वाक्य दाखवायचा आणि मागणारा दुसरं पुस्तक घेऊन जायचा.

विलीनीकरण हा शब्द आमच्या घरांत नवा नाही. आजोबा संस्थानच्या विलीनीकरणाबद्दल बोलत ते असं, जणू घरातलं कोणी लग्न होऊन दूर गेलं. आमच्या वाट्याला आलं ते अगदीच लहानसं. वाचक कमी झाले, मुलं पुण्याला-इंदूरला गेली, भांडीवाल्याला जागा हवी झाली, आणि आमच्या समितीने ठरवलं की जयेंद्रगंजातल्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात आपलं वाचनालय मिळवून टाकायचं. निर्णय शहाणपणाचा होता, मी आजही तो चूक म्हणणार नाही. मराठी पुस्तकांना वेगळी खोली मिळणार होती, पंखे मिळणार होते. प्रश्न उरला होता तो दादाच्या कामाचा. त्यांच्याकडे बाहेरून आणलेली तयार प्रणाली होती, तिच्यात नाव, लेखक, क्रमांक एवढेच रकाने. ‘म्हणणं’ कुठे जाणार?

त्या ग्रंथालयाचे सचिव श्रीवास्तवजी म्हणून एक वयस्क, फार गोड बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, मी स्वतः तुमच्याकडे येतो, समोर बसून ठरवू. मे महिन्यातली दुपार ठरली. आदले आठ दिवस दादा रिकाम्या हॉलमध्ये संगणकासमोर बसून हिंदीतून तालीम करत होता. "साहब, हमारी एक विनती है." पुन्हा, जरा सावकाश, "साहब, हमारी एक विनती है. बाकी सब आप ले लीजिए, ये एक कॉलम रहने दीजिए." मी हसायची. तो म्हणायचा, "हस, हस. त्या दिवशी बघशील."

आता आमच्या लोकांची एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. आमचे पूर्वज दख्खनेतून आले आणि दरबाराच्या चाकरीत मुरले. चाकरी गेली, अदब तेवढी राहिली. घरात आईचा एक नियम होता. पाहुण्याच्या हातात पेला असेपर्यंत त्याचं बोलणं खोडायचं नाही, त्याला नाही म्हणायचं नाही. पेला त्याने खाली ठेवला, की मग काय ते बोला. लहानपणी दादाने एकदा चहा पीत असलेल्या कोणा आप्तांची चूक काढली होती, तर आईने हसत हसत मागून त्याला असा चिमटा घेतला की तो टाळी वाजल्यावर कबूतर उडावं तसा उडाला. हा नियम केवळ आमच्या घरचा नव्हता. समितीतल्या सगळ्यांच्या घरी तो कोणत्या ना कोणत्या रूपात होता, आणि तो मोडताही येतो हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

श्रीवास्तवजी आले ते घामाने निथळत, डोक्यावर ओला पंचा. मी पन्हं केलं होतं. कैऱ्या घरच्या, वेलची ताजी कुटलेली, माठातलं पाणी. कूलर संगणकाकडून त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाह." मग हातात पेला तसाच धरून, फार सौम्यपणे म्हणाले, "देखिए, किताबें आएँगी, अलमारियाँ आएँगी. कंप्यूटर का काम हमारे सिस्टम में चला जाएगा. लेकिन जो हो, आप सबकी रज़ामंदी से हो. किसी को कोई ऐतराज़ तो नहीं?"

आम्ही सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने पेल्याकडे पाहिलं. पेल्यात अर्धं पन्हं होतं.

खालून पितळेचे आवाज येत होते. समितीतले एक आजोबा उगाच खाकरले. श्रीवास्तवजी घोट घोट पीत होते, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. पेला रिकामा झाला आणि दादा खुर्चीत पुढे सरकला, मी पाहिलं. एवढ्यात श्रीवास्तवजींनी पेला माझ्यापुढे केला. "बहन जी, एक गिलास और मिलेगा?"

मला काय आनंद झाला! मी धावत जाऊन भरून आणला. दादा पुन्हा मागे टेकला. दुसरा पेला त्यांनी पहिल्याहून सावकाश प्यायला. मध्ये एकदा म्हणाले, "आप लोग कुछ कहिए ना." आजोबांनी हात जोडून म्हटलं, "आप आए, यही बहुत है." शेवटी ते उठले, उभ्याउभ्याच पेला माझ्या हातात दिला, म्हणाले, "तो फिर तय रहा," आणि निघाले. उठलेल्या पाहुण्याला कोण अडवतं? सगळी समिती त्यांना जिन्याखालपर्यंत पोचवायला गेली. दादा वरच राहिला. मी परत आले तेव्हा तो संगणकाचं झाकण बसवत होता, चारही स्क्रू. ते झाकण आम्ही वर्षानुवर्षं बसवलंच नव्हतं.

"बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"पीत होते ना ते," दादा म्हणाला.

ही एवढीच हकिकत. महिन्याभरात पुस्तकं गाड्यांवरून जयेंद्रगंजला गेली. तिथल्या संगणकावर बसणाऱ्या मुलांनी दोन दिवसांत सगळी सूची आपल्या प्रणालीत ओढून घेतली आणि जुने डबे भंगारात गेले. दादाने म्हणण्यांची एक प्रत सीड्यांवर काढून गच्चीवरच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. चार-पाच उन्हाळ्यांनी उघडून पाहिलं, तर सीड्यांवरचा चंदेरी मुलामा पापुद्र्यांनी सुटून आला होता. बोट लावलं की बोटाला लागायचा. पत्र्याखाली मे महिना काय करतो हे जन्मभर इथे राहून आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण कागद जपायची सवय असलेली माणसं आम्ही, पेटीत ठेवलं म्हणजे जपलं असं वाटलं.

एकदा मी जयेंद्रगंजला जाऊन पडद्यावर आईची ती कादंबरी शोधली. नाव, लेखक, क्रमांक. आणि पुढे हिरव्या अक्षरांत, ‘उपलब्ध’. ती घरी आणायचीही मला हिंमत झाली नाही. मी तिथल्या स्वच्छ, पंख्याखालच्या खुर्चीवर थोडा वेळ बसले आणि आले निघून. दादाला सांगितलं नाही. दादाने त्यानंतर संगणकाला हात लावला नाही. परदेशातल्या त्या भांडखोर मित्रांची पत्रं काही दिवस येत राहिली असतील, कोणी उघडलीच नाहीत.

आणि आम्ही इतके भोळे, की वर्षानुवर्षं त्या दुपारची आठवण निघाली की अभिमानाने सांगायचो, काही म्हणा, पन्हं मात्र असं झालं होतं की श्रीवास्तवजींनी मागून दुसरा पेला घेतला.

मागच्या आठवड्यात ते मला चष्म्याच्या दुकानात भेटले. खूप थकलेत, काठी आली आहे. मला ओळखलं, बसायला लावलं, दादाची चौकशी केली. बोलता बोलता वाचनालयाचा विषय निघाला आणि मी सहज म्हणून गेले, की त्या रकान्याचं तेवढं वाईट वाटतं.

"बुरा लगता है? लेकिन आप लोग तो कुछ बोले ही नहीं!" त्यांनी काठी बाजूला ठेवली. "हमारे कंप्यूटर वाले लड़के ने पहले ही कह दिया था कि वो कॉलम भी आ जाएगा, बस उधर से कोई माँग ले. मैं तो वही सुनने आया था. फिर सोचा, घर-परिवार की बातें हैं, शायद आप लोग पराये लोगों को पढ़वाना नहीं चाहते. मैं अपने मुँह से कैसे कहता?"

मी हातातला चष्मा पदराने पुसायला घेतला.

"और वो दूसरा गिलास, बहन जी," ते हलकेच हसले, "मुझे तो मीठा तब भी मना था. मैंने सोचा थोड़ा और बैठूँ, शायद कोई कुछ कहे."

घरी येताना जुन्या गोरखी वाड्यापाशी रिक्षा थांबवून मी नुसती उभी राहिले. ऊन टाळूवर होतं आणि मला रडू येत होतं. राग कोणाचा करायचा? त्यांनी आमची अदब राखली, आम्ही त्यांची राखली. कोणी कोणाला दुखावलं नाही. आणि आईचं ते वाक्य तेवढं गेलं.

दादाला सांगावं की नाही, हे आठवडाभर ठरत नव्हतं. आज पन्हं घेऊन त्याच्याकडे गेले. तो कूलरसमोर फोन हातात धरून चिडलेला. त्याची मुलगी सई सुट्टीला आली आहे, ती समजावत होती, "बाबा, अपडेटच तर आहे, कर दो ना. इतका गुस्सा कशाला?"

"अगं, पण विचारत पण नाही हा! ‘मान्य आहे’ एवढं एकच बटण. ना म्हणायचं तर कुठे म्हणायचं?"

"कोई ना नहीं बोलता, बाबा," सई म्हणाली आणि आत गेली.

मी पेला त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. चष्म्याचं दुकान, रकाना, मीठा मना था. कूलर घरघरत होता, खसेचा वास येत होता. दादा ऐकत होता आणि पेला धरून होता. माझं सांगून झाल्यावर त्याने एकदा पन्ह्याकडे पाहिलं. मग त्याने ते एका दमात पिऊन टाकलं, वाकून पेला फरशीवर ठेवला, सदरा नीट केला, खुर्चीत पुढे सरकला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, सावकाश, तालमीत म्हणायचा तसंच म्हणाला,

"साहब, हमारी एक विनती है."

पुढचं त्याला आठवेना.